टूलबार कोडमधून जोडताना

मोबाइल ॲपच्या पडद्यावर सर्वांत वर जी पट्टी असते, तिला अँड्रॉइडच्या कामात टूलबार म्हणतात. पडद्याचे नाव, मागे नेणारा बाण, शोधाचे भिंग आणि उजव्या टोकाचे तीन ठिपके याच पट्टीवर बसतात. दिसायला साधी असलेली ही पट्टी नवशिक्यांना मात्र हमखास अडवते. एकाच पडद्यावर दोन पट्ट्या येतात, बटणे ठिपक्यांमागे लपून बसतात, भाषा मराठी केली तरी नाव इंग्रजीच राहते, नाहीतर ॲप उघडताक्षणी बंद पडते.

या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. पट्टीचा ताबा कोणाकडे, हे ठरलेले नसते. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० बरोबर ही पट्टी ॲक्शन बार या नावाने आली, तेव्हा ती खिडकीचा भाग होती. ती काढण्याचे काम सिस्टीमचे, ॲपने तिच्यावर नाव आणि बटणे तेवढी ठेवायची. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० आले आणि टूलबार हा मजकुराच्या चौकटीसारखा किंवा बटणासारखा स्वतंत्र घटक झाला. जुन्या फोनांसाठी तोच घटक ॲपकॉम्पॅट या सहायक लायब्ररीतून मिळू लागला. २०१८ मध्ये या लायब्ररींची नावे बदलून अँड्रॉइडएक्स झाली. तिन्ही काळांतली उत्तरे आजही शोधात एकाखाली एक सापडतात. अर्धे उत्तर एका काळातले आणि अर्धे दुसऱ्यातले उचलले, की एका पट्टीला दोन मालक होतात.

समजायला सोपे जावे म्हणून येथे एकच पडदा उदाहरणादाखल घेतला आहे : जळगाव जिल्ह्यातील पारोळा बाजार समितीतील शेतमालाचे भाव दाखवणारे छोटे ॲप. जळगाव-धुळ्याकडे विद्यार्थ्यांना असा प्रकल्प सुचणे साहजिक आहे. पिकांची नोंद करणारी ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर आली. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीची नोंदणी ‘कपास किसान’ या ॲपवर नेली. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात ॲपचा पडदा आता सातबाऱ्याइतकाच रोजचा झाला आहे. उदाहरणातल्या पडद्याचे नाव ‘पारोळा : आजचे भाव’. वर दोन बटणे आहेत, शोध आणि ताजे करा. ‘भाषा बदला’ आणि ‘माहिती’ या दोन गोष्टी ठिपक्यांच्या आत आहेत.

कोडमधली नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन लिहिली आहेत. कोड लिहिताना ती रोमन अक्षरांत, रेघेऐवजी जोडून किंवा मध्ये टिंब वा खालची रेघ देऊन लिहायची असतात. भाषा कोटलिन गृहीत धरली आहे.

आधी ठरवा : ताबा कोणाकडे?

पर्याय चार आहेत. त्यांतला एक निवडून तोच शेवटपर्यंत पाळावा.

- थीमची तयार पट्टी. एक-दोन पडद्यांचे ॲप आणि पट्टीवर फक्त नाव हवे असेल, तर एवढे पुरते. पट्टीसाठी वेगळा कोड लागत नाही. मात्र तिची जागा, रंग आणि वागणूक बदलायला फारसा वाव नसतो.
- स्वतःचा टूलबार, ॲक्टिव्हिटीच्या ताब्यात. टूलबार आपण ठेवायचा आणि ॲक्टिव्हिटीला, म्हणजे पडदा चालवणाऱ्या वर्गाला, ‘हाच तुझा ॲक्शन बार’ असे सांगायचे. मेनू आणि बाण यांची नेहमीची व्यवस्था मग चालू राहते.
- स्वतःचा टूलबार, कोणाच्याही ताब्यात नसलेला. नाव, मेनू, बाण यांची सगळी जोडणी थेट टूलबारवर करायची. एका ॲक्टिव्हिटीत अनेक फ्रॅगमेंट, म्हणजे पडद्याचे बदलते भाग, असतील आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी असेल, तर ही पद्धत सर्वांत सुटसुटीत ठरते.
- जेटपॅक कंपोज. पडदाच कंपोजमध्ये लिहिलेला असेल, तर वरच्या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात. तेथे पट्टी वेगळ्या रीतीने येते; ती पुढे दिली आहे.

अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रकल्प उघडतानाच येथे एक घोटाळा होतो. ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडली, की आता कंपोजचा प्रकल्प तयार होतो. पुस्तकात किंवा वर्गात शिकवलेली एक्सएमएलची पद्धत हवी असेल, तर ‘एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी’ निवडावी लागते. जुन्या नोट्स समोर ठेवून पहिला पर्याय निवडणाऱ्यांना लेआउटची फाइलच सापडत नाही, आणि दोष टूलबारचा वाटतो.

थीममधली जुनी पट्टी काढून टाका

दुसरा किंवा तिसरा पर्याय निवडला असेल, तर पहिले काम थीमचे आहे. थीमच्या फाइलमध्ये मूळ थीमच्या नावाच्या शेवटी ‘नो-ॲक्शन-बार’ असायला हवे. मटेरियल ३ वापरत असाल, तर थीम-मटेरियल३-डेनाइट-नो-ॲक्शन-बार. रात्रीच्या रंगसंगतीची थीम वेगळ्या फोल्डरात असेल, तर तेथेही हाच बदल करावा. ते राहिले, तर ॲप दिवसा नीट चालते आणि फोन डार्क मोडमध्ये गेला की बिघडते.

ही पायरी चुकली, तर तिसऱ्या पर्यायात पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात; दुसऱ्यात ॲप बंद पडून लॉगकॅट या स्टुडिओतल्या नोंदींमध्ये ‘इललीगल-स्टेट-एक्सेप्शन’ येतो. या ॲक्टिव्हिटीला खिडकीकडून आधीच ॲक्शन बार मिळालेला आहे, असा त्याच्या संदेशाचा आशय असतो. संदेश लांबलचक असला तरी म्हणणे एवढेच, की मालक दोन झाले. तो दिसला की कोड तपासत बसू नये, थीम तपासावी. मॅनिफेस्टमध्ये एखाद्या ॲक्टिव्हिटीला स्वतंत्र थीम दिलेली असेल, तर तिथली थीम आधी लागू होते, हेही पाहावे.

टूलबार पडद्यावर ठेवा

लेआउटच्या एक्सएमएल फाइलमध्ये टूलबारचा टॅग लिहिणे ही नेहमीची रीत. पडद्याची रचना ठरलेली असेल तर तीच बरी, कारण डिझाइनच्या खिडकीत परिणाम लगेच दिसतो. पण काही वेळा पट्टी चालत्या ॲपमध्ये, निव्वळ कोडमधून तयार करावी लागते. पडदेच माहितीवरून बनत असतील किंवा जुन्या पडद्याला फाइल न बदलता पट्टी लावायची असेल, तेव्हा असे होते. त्याचा क्रम असा :

१. ॲक्टिव्हिटी ॲपकॉम्पॅट-ॲक्टिव्हिटीपासून बनलेली आहे याची खात्री करा.
२. ऑन-क्रिएटमध्ये सेट-कंटेंट-व्ह्यू बोलावून पडदा आधी उभा करा.
३. मटेरियल-टूलबार या वर्गाची वस्तू तयार करा. तिला कॉन्टेक्स्ट म्हणून ॲक्टिव्हिटीच द्या, ॲप्लिकेशन नव्हे. ॲप्लिकेशन दिले तर थीमचे रंग लागत नाहीत.
४. व्ह्यू-जनरेट-व्ह्यू-आयडी वापरून तिला ओळखक्रमांक द्या.
५. रुंदी मॅच-पेरेंट ठेवा आणि उंची थीमच्या ॲक्शन-बार-साइज या गुणातून वाचा.
६. उभ्या लिनिअर-लेआउटमध्ये ॲड-व्ह्यू करताना जागा शून्य द्या, म्हणजे पट्टी सर्वांत वर बसेल.

पाचव्या पायरीवर बऱ्याच जणांचा वेळ जातो. कोडमध्ये उंची पिक्सेलमध्ये द्यावी लागते. ‘टूलबार ५६ चा असतो’ असे कुठेतरी वाचून ५६ हा आकडा जसाच्या तसा टाकला, तर ते ५६ पिक्सेल होतात आणि दाट पडद्याच्या फोनवर पट्टी दोऱ्याएवढी दिसते. ५६ ही उंची डीपी या एककातली आहे. तीही सगळीकडे सारखी नाही : मटेरियलच्या आधीच्या आवृत्तीत उभ्या फोनवर ५६, आडव्या फोनवर ४८, टॅबलेटवर ६४, मटेरियल ३ मध्ये ६४. म्हणून आकडा न लिहिता थीमला रिझॉल्व्ह-ॲट्रिब्यूटने विचारावे, मिळालेले मूल्य टाइप्ड-व्हॅल्यूच्या कॉम्प्लेक्स-टू-डायमेन्शन-पिक्सेल-साइजमधून पिक्सेलमध्ये बदलावे आणि तेच वापरावे. चार ओळी जास्त लागतात, पण फोन बदलला तरी पुन्हा हात लावावा लागत नाही.

सहाव्या पायरीत बाहेरचा लेआउट कोणता, यावर सगळे अवलंबून आहे. तो फ्रेम-लेआउट असेल, तर शून्यावर जोडलेली पट्टी भावांच्या यादीच्या मागे जाते. कॉन्स्ट्रेंट-लेआउट असेल, तर पट्टीला वरची बांधणी आणि यादीला पट्टीखालची बांधणी कॉन्स्ट्रेंट-सेटमधून द्यावी लागते. त्यापेक्षा उभा लिनिअर-लेआउट बाहेर ठेवून जुना लेआउट त्याच्या आत टाकणे कितीतरी सोपे आहे.

टूलबार नावाचे वर्ग दोन आहेत, एक अँड्रॉइडच्या मूळ विजेट संचातला आणि दुसरा अँड्रॉइडएक्सचा. नाव सारखेच असल्याने स्टुडिओ दोन्ही सुचवतो. मूळ संचातला आयात केला, तर पुढच्या पायरीवर ‘प्रकार जुळत नाही’ अशी तक्रार येते. नवा कोड लिहिताना मटेरियल-टूलबार घेतला की हा प्रश्नच येत नाही.

ताबा द्या आणि क्रम पाळा

दुसरा पर्याय निवडला असेल, तर आता सेट-सपोर्ट-ॲक्शन-बार बोलावून टूलबार ॲक्टिव्हिटीच्या ताब्यात द्यायचा. त्याआधी आणि त्यानंतर काय लिहिले जाते, याला महत्त्व आहे.

टूलबार एक्सएमएलमध्ये असेल, तर तो शोधण्याआधी सेट-कंटेंट-व्ह्यू झालेले असावे. नाहीतर हाती नल (काहीच नाही) लागते आणि ॲप पडते. ताबा दिल्यावर नाव टूलबारवर नव्हे, तर सपोर्ट-ॲक्शन-बारच्या टायटलवर लिहावे. टूलबारवर थेट लिहिलेल्या नावाच्या जागी ॲक्टिव्हिटी नंतर मॅनिफेस्टमधले आपले लेबल आणून ठेवते. बाणावर स्पर्श झाल्यावर काय करायचे, ते सांगणारे सेट-नेव्हिगेशन-ऑन-क्लिक-लिसनर नेहमी ताबा दिल्यानंतर लिहावे. आधी लिहिले तर ताबा घेताना ॲक्टिव्हिटी स्वतःचे लिसनर लावते आणि आधीचे पुसले जाते. या चुकीत कोणताच संदेश येत नाही. बाण दिसतो, दबतो, पण ठरवलेले काम करत नाही.

तिसऱ्या पर्यायात सेट-सपोर्ट-ॲक्शन-बार लिहायचेच नाही. नाव, मेनू आणि लिसनर हे सगळे टूलबारवर, कोणत्याही क्रमाने. दोन्ही पद्धतींची सरमिसळ तेवढी टाळावी : ताबा ॲक्टिव्हिटीला देऊन मेनू मात्र टूलबारच्या इन्फ्लेट-मेनूने भरला, तर ॲक्टिव्हिटी आपला मेनू उभा करताना तो काढून टाकते.

नाव मराठीत आणा

पडद्याचे नाव कोडमध्ये अवतरणात लिहू नये. ते स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये ठेवावे आणि मराठीसाठी व्हॅल्यूज-एमआर असे वेगळे फोल्डर करावे (या नावातली आडवी रेघ मात्र तशीच लिहायची). फोनची भाषा मराठी असेल तर नाव आपोआप मराठीत येते.

अडचण येते ती फोन इंग्रजीत आणि ॲप मराठीत हवे असते तेव्हा. खानदेशातच काय, राज्यभर कितीतरी लोक फोन इंग्रजीतच ठेवतात आणि भावाचे ॲप मात्र मराठीत मागतात. अँड्रॉइड १३ पासून ॲपवार भाषा निवडण्याची सोय फोनच्या सेटिंग्जमध्येच आहे. त्याआधीच्या फोनांसाठी ॲपकॉम्पॅट १.६ पासून ॲपकॉम्पॅट-डेलिगेटचे सेट-ॲप्लिकेशन-लोकॅल्स आहे. ते वापरावे. कॉन्टेक्स्ट गुंडाळून भाषा बदलण्याची जुनी युक्ती अनेक नोट्समध्ये आहे. तिच्यात यादी मराठी होते, पण मॅनिफेस्टच्या लेबलवरून आलेले टूलबारचे नाव फोनच्या भाषेत राहते. तीच युक्ती ठेवायची असेल, तर ऑन-क्रिएटमध्ये नाव स्ट्रिंग्जमधून पुन्हा वाचून टूलबारवर बसवावे.

नावात आकडा असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाषा मराठी असताना स्ट्रिंग-फॉरमॅटने घडवलेला आकडा देवनागरीत येतो. टूलबारवर ‘१२ शेतमाल’ दिसणे चांगलेच. पण त्याच पद्धतीने तारीख घडवून सर्व्हरला पाठवली, तर तिकडे देवनागरी अंक पोचतात आणि उत्तर रिकामे येते. दाखवायचा आकडा मराठी लोकॅलने आणि पाठवायचा आकडा लोकॅल-रूटने घडवावा. हा दोष इंग्रजी फोनवर कधीच दिसत नाही, म्हणून चाचणीत सुटतो.

अहिराणीत पट्टी हवी असेल, तर तेही जमते. अहिराणीला ए-एच-आर असा स्वतःचा तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत आहे. छोट्या ॲपमध्ये त्या वाटेला न जाता अहिराणी नावे स्ट्रिंग्जमध्ये वेगळ्या किल्ल्यांखाली ठेवून ॲपच्या आतच निवड द्यावी. ते कमी खटपटीचे आहे.

बटणे जोडा

मेनू एक्सएमएलमध्ये लिहिता येतो किंवा कोडमधून मेनूच्या ॲडने एकेक बाब घालता येते. कोडमधून घालताना प्रत्येक बाबीला गट, ओळखक्रमांक, क्रम आणि नाव द्यावे लागते. मग सेट-आयकॉन आणि सेट-शो-ॲज-ॲक्शन.

एक्सएमएलमध्ये शो-ॲज-ॲक्शन या गुणाच्या पुढे ‘अँड्रॉइड’ हा उपसर्ग लावला, की ॲपकॉम्पॅट तो वाचत नाही आणि सगळी बटणे ठिपक्यांच्या आत जातात. उपसर्ग ‘ॲप’ हवा. बटणे दिसत नसल्याच्या तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे.

दिसण्याची पद्धत ‘इफ-रूम’ ठेवावी, म्हणजे जागा असेल तरच बटण बाहेर येईल. ‘ऑलवेज’ हे मूल्य हात आखडूनच वापरावे. तीन-चार बटणांना ते दिले, तर लहान फोनवर पडद्याच्या नावाचे ‘पारोळा : आ…’ एवढेच उरते. मराठी नावे इंग्रजीपेक्षा बरेचदा लांब होतात, त्यामुळे बाहेर दोन बटणे ही मर्यादा येथे रास्त वाटते. भाव रोज बदलतात, तेव्हा ‘ताजे करा’ बाहेर हवे. ‘माहिती’ कोणी रोज उघडत नाही.

प्रत्येक बटणाला नाव द्यावेच, जरी दिसणार फक्त चित्र असले तरी. टॉकबॅक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला फोन तेच नाव वाचून दाखवतो. नाव नसेल, तर बटण काय करते ते तिला कळत नाही.

पट्टी ॲक्टिव्हिटीच्या ताब्यात असेल, तर ऑन-ऑप्शन्स-आयटम-सिलेक्टेडमध्ये ज्या बाबीचे काम झाले, तेथे ‘खरे’ परत करावे. बाकी वरच्या वर्गाकडे सोपवावे. बटण चालू-बंद करायचे असेल, उदाहरणार्थ नेट नसताना ‘ताजे करा’ फिके करायचे असेल, तर इनव्हॅलिडेट-मेनू बोलावून मेनू नव्याने घडू द्यावा.

फ्रॅगमेंटमध्ये मेनू लावण्यासाठी पूर्वी सेट-हॅज-ऑप्शन्स-मेनू लिहीत. ती पद्धत आता कालबाह्य ठरवली आहे. तिच्या जागी ॲड-मेनू-प्रोव्हायडर आहे. त्याला व्ह्यू-लाइफसायकल-ओनर आणि ‘रिझ्यूम्ड’ ही अवस्था दोन्ही द्यावीत. ती दिली नाहीत, तर पडदा बदलल्यावरही आधीच्या फ्रॅगमेंटची बटणे पट्टीवर रेंगाळतात.

मागे नेणारा बाण

पट्टी ॲक्टिव्हिटीच्या ताब्यात असेल, तर बाण दिसण्यासाठी सेट-डिस्प्ले-होम-ॲज-अप-एनेबल्ड खरे करावे. तो दाबल्यावर कुठे जायचे, हे मॅनिफेस्टमध्ये पेरेंट-ॲक्टिव्हिटी-नेम लिहून सांगता येते. पट्टीवरचा बाण ॲपच्या रचनेत एक पायरी वर नेतो. फोनचे ‘बॅक’ आधी पाहिलेल्या पडद्यावर नेते. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यातून कापसाच्या भावाचा पडदा थेट उघडला, तर बाणाने भावांच्या यादीवर जावे आणि ‘बॅक’ने व्हॉट्सॲपवर. दोन्हींना एकच काम देणारा कोड छोट्या ॲपमध्ये चालून जातो, असे दुवे वाटायला लागले की चालत नाही. सगळ्यांत पहिल्या पडद्यावर बाण ठेवूच नये.

‘बॅक’साठी ऑन-बॅक-प्रेस्ड पुन्हा लिहिण्याची पद्धत अँड्रॉइड १३ पासून कालबाह्य आहे. ऑन-बॅक-प्रेस्ड-डिस्पॅचर वापरावा.

पट्टी घड्याळाखाली घुसते तेव्हा

पूर्वी चालणारे ॲप नव्या फोनवर बिघडल्याची सध्याची मोठी तक्रार हीच आहे. अँड्रॉइड १५ पासून, ॲपचा टार्गेट एसडीके ३५ असेल तर पडदा काठापासून काठापर्यंत पसरतो. घड्याळ आणि बॅटरीची पट्टी पारदर्शक होते, ॲपचा मजकूर तिच्या मागून सुरू होतो आणि टूलबारचे नाव घड्याळात मिसळते. प्ले स्टोअरने ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपसाठी आणि सुधारित आवृत्तीसाठी टार्गेट ३५ सक्तीचा केला आहे, म्हणून हे टाळता येत नाही. तात्पुरती सूट मिळवण्याचा एक गुण थीममध्ये होता. टार्गेट ३६ केल्यावर अँड्रॉइड १६ त्याला जुमानत नाही. त्याच्या भरवशावर राहू नये.

उपाय असा. टूलबार ॲप-बार-लेआउटच्या किंवा साध्या लिनिअर-लेआउटच्या आत ठेवावा आणि बाहेरच्या त्या वेष्टनाला पट्टीचा रंग द्यावा. व्ह्यू-कॉम्पॅटचे सेट-ऑन-अप्लाय-विंडो-इन्सेट्स-लिसनर वेष्टनावर लावावे. त्यात सिस्टीम-बार्सची वरची जागा वाचून तेवढे पॅडिंग वेष्टनाला वरून द्यावे. रंग घड्याळामागे पोचतो, नाव मात्र खाली नीट राहते. हे पॅडिंग ठरावीक उंचीच्या टूलबारला थेट देऊ नये. उंची तेवढीच राहून आतला मजकूर चेपतो. फोन आडवा धरल्यावर कॅमेऱ्याची खाच बाजूला येते, तेव्हा डिस्प्ले-कटआउटची डावी-उजवी जागाही त्याच लिसनरमध्ये घ्यावी.

स्टुडिओच्या नव्या साच्यात बाहेरच्या लेआउटला असे पॅडिंग देणारा कोड आधीच लिहिलेला असतो. तो तसाच ठेवून वेष्टनालाही पॅडिंग दिले, तर पट्टीच्या वर दुप्पट रिकामी जागा पडते. दोहोंपैकी एकच ठेवावा. पट्टी रंगीत हवी असेल तर वेष्टनाचा.

गडद पट्टीवर घड्याळाचे अंक काळे दिसत असतील, तर एनेबल-एज-टू-एजला सिस्टीम-बार-स्टाइल-डार्क द्यावे. अंक पांढरे होतात. सेट-स्टेटस-बार-कलर या जुन्या ओळीचा आता उपयोग नाही, ती काढून टाकावी.

उन्हात वाचता यायला हवी

हे ॲप मार्केट यार्डात, जिनिंगच्या दारात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ उभे राहून उघडले जाणार आहे. मे महिन्यातल्या दुपारी फिकट राखाडी पट्टीवरचे पांढरे नाव कोणालाही दिसत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक निदान साडेचारास एक या प्रमाणात असावा. स्टुडिओतली तपासणी तो मोजून सांगते. बटणाचे चित्र २४ डीपीचे असले, तरी स्पर्शाची जागा ४८ डीपीपेक्षा कमी नको.

देवनागरीत वेलांटी, रफार आणि मात्रा ओळीच्या वर जातात, उकार खाली उतरतो. इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून टूलबारमध्ये स्वतःचा टेक्स्ट-व्ह्यू घातला आणि त्याची उंची आवळली, तर ‘पूर्वी’ मधला रफार कापला जातो. उंची रॅप-कंटेंट ठेवावी आणि इन्क्लूड-फॉन्ट-पॅडिंग बंद करू नये. फॉन्ट सर्वांत मोठा करून एकदा तरी पाहावे, कारण ज्येष्ठ माणसे फोन तसाच वापरतात.

कंपोजमध्ये

येथे ताब्याचा प्रश्न उरत नाही. स्कॅफोल्डच्या टॉप-बार या जागेत टॉप-ॲप-बार ठेवायचा. नाव टायटलमध्ये, बाण नेव्हिगेशन-आयकॉनमध्ये, बटणे ॲक्शन्समध्ये. घड्याळाची जागा हा घटक स्वतः सोडतो. स्कॅफोल्ड जे आतले पॅडिंग देतो, ते यादीला लावायला मात्र विसरू नये. नाहीतर यादीतली पहिली ओळ, म्हणजे कापसाचाच भाव, पट्टीखाली झाकला जातो. ठिपक्यांचा मेनू आपोआप येत नाही, ड्रॉपडाउन-मेनूने स्वतः बांधावा लागतो. यादी सरकवताना पट्टी आपोआप लपावी असे वाटत असेल, तर स्क्रोल-बिहेवियर पट्टीला द्यावे आणि त्याचेच नेस्टेड-स्क्रोल कनेक्शन स्कॅफोल्डच्या मॉडिफायरला जोडावे. एकच जोडले तर काहीच हलत नाही.

पट्टीवरचे नाव, चिन्ह आणि हक्क

शासकीय वाटणारे ॲप करताना पट्टीवर अशोकस्तंभाचे चित्र टाकण्याचा मोह होतो. भारताच्या राजचिन्हाचा परवानगीवाचून असा वापर २००५ च्या राजचिन्ह कायद्याने निषिद्ध आहे. प्ले स्टोअरचेही नियम आहेत : शासकीय माहिती दाखवणाऱ्या खासगी ॲपने माहितीचा स्रोत द्यावा आणि आपण शासनाचे प्रतिनिधी नाही हे स्पष्ट लिहावे. ठिपक्यांमागचे ‘माहिती’ हे पान त्यासाठीच ठेवावे. बाजार समितीचे बोधचिन्ह वापरायचे असेल, तर समितीची लेखी परवानगी घ्यावी.

मटेरियल लायब्ररी आणि तिची चिन्हे अपाचे २.० परवान्याखाली आहेत. व्यावसायिक ॲपमध्येही ती चालतात. शोधात सापडलेले कोणतेही चित्र मात्र तसे चालत नाही.

गावातल्या दुकानदारासाठी किंवा संस्थेसाठी ॲप करून देणाऱ्यांनी कोडचा हक्क आधीच लिहून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय कार्यक्रम हे साहित्यकृतीत मोडतात. नोकरीत असताना केलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. स्वतंत्रपणे काम घेऊन केलेल्या कोडचा पहिला मालक तो लिहिणारा. मोबदला दिला म्हणून हक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाही. हस्तांतर लेखी आणि सहीचे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता.

फोनवर तपासताना

एम्युलेटरवर ठीक दिसले तरी दोन खऱ्या फोनांवर पाहावे : एक अँड्रॉइड १५ किंवा पुढचा, आणि एक घरात पडून असलेला जुना. प्रत्येकावर पुढील गोष्टी कराव्यात.

- फोन आडवा करून पुन्हा उभा करा. नाव आणि बटणे जागेवर राहतात का पाहा.
- डार्क मोड चालू करून ॲप नव्याने उघडा.
- फोन इंग्रजीत ठेवून ॲप मराठीत करा, मग उलट करा.
- टॉकबॅक लावून पट्टीवरून बोट फिरवा.
- दुव्यावरून आतला पडदा उघडून बाण आणि ‘बॅक’ वेगवेगळे दाबा.

ॲप पडले, तर लॉगकॅटमधली ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी शेवटची ओळ आधी वाचावी. तिच्यात ॲक्शन बारचा उल्लेख असेल तर दोष थीममध्ये, नल पॉइंटरचा असेल तर बहुधा सेट-कंटेंट-व्ह्यूच्या क्रमात, आणि प्रकार बदलता न आल्याचा असेल तर आयात केलेल्या टूलबारच्या वर्गात शोधावा.